शमादान आणि लव्हाळ्याची वात

दिवाळी अंकात दिव्यांविषयी गोडच लिहावे, असा रिवाज आहे. परंतु जुने दिवे जमविणाऱ्या रसिकांविषयी माझी एक तक्रार आहे.

इंग्लंडातील प्यूटरची शमादाने घ्या. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथिल, त्यात थोडे तांबे किंवा शिसे. धातू मऊ, पोचे पडले की भांडे वितळवून नवे ओतून घेत. म्हणून सतराव्या शतकातले शमादान दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून मोलाचे. संग्राहक ते उलटे करून कारागिराचा शिक्का शोधतो. वरची काळसर झाक घासावी की राखावी, यावर वाद घालतो. दांड्याच्या मध्यावर ती रुंद थाळी मेणबत्तीची ओघळणारी चरबी झेलण्यासाठी आहे, हे तो जाणतोही. पण ज्याच्या घरी शमादानच नव्हते, त्याच्या उजेडाचे काय?

ते मला एका पुस्तकात सापडले. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने आपल्या सेलबोर्न गावच्या निसर्गावर लिहिलेला पत्रसंग्रह १७८९ साली निघाला. त्यातल्या एका पत्रात लव्हाळ्याच्या वातीची हकीकत आहे. लव्हाळा सोलायचा, आतल्या गराला आधार म्हणून सालीची एकच पट्टी ठेवायची, आणि वाळवून तापल्या चरबीत बुडवायचा. सव्वादोन फुटांहून थोडी लांब वात सत्तावन्न मिनिटे जळाली, हे त्याने घड्याळ लावून पाहिले. एका फार्दिंगात, म्हणजे पाव पेनीत, साडेपाच तास उजेड! असे लेखन दहा शमादानांच्या तोडीचे आहे.

पुढे मात्र व्हाइटचे आणि माझे जमत नाही. अगदी गरीब लोक रोज अर्ध्या पेनीची मेणबत्ती घेतात. वाऱ्याच्या खोलीत ती दोन तासांत संपते. तेवढ्याच पैशांत अकरा तास मिळाले असते. म्हणून हिशेब न कळणारे ते गरीबच राहतात, असा त्याचा निवाडा. पण काटकसरी बायको डुकराच्या मांसावरची चरबी फुकट साठवते, असे तोच सांगतो. ज्यांच्या भांड्यात मांसच शिजत नाही, त्यांनी चरबी कोठून आणावी? आणि लव्हाळा सोलणे नवख्याला सोपे नाही, हेही त्याचेच म्हणणे! निरीक्षक मोठा, न्यायाधीश मात्र घाईचा.

तेव्हा वाचकहो, जुनी समई विकत घेण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: तेल कोठून येई, रात्रीला किती पुरे, आणि संपल्यावर काय करीत? हा संग्रह बिनपैशाचा आहे. मात्र सांगणारी माणसे थोडी उरली आहेत.