सायफर्टचे व्हायोलिन

झ्बिग्न्येव सायफर्ट (१९४६–१९७९) या पोलिश जॅझवादकाचे व्हायोलिन समजून घ्यावयाचे तर प्रथम त्याचा सॅक्सोफोन ऐकावा लागतो. क्राकोवला अभिजात पद्धतीने व्हायोलिन शिकलेला हा तरुण जॅझकडे वळला तो आल्टो सॅक्सोफोन घेऊन. तोमाश स्तान्कोच्या 'म्यूझिक फॉर के' (१९७०) या ध्वनिमुद्रिकेत तो तेच वाद्य वाजवितो. पुढे वाद्य बदलले. वाणी बदलली नाही. जॉन कोल्ट्रेनने व्हायोलिन हाती घेतले असते तर जसे वाजविले असते तसे वाजविण्याची आकांक्षा त्याने बोलून दाखविली होती. हा एक अनुवादच, आणि अनुवादातील हानी त्याला चुकली नाही. 'मॅन ऑफ द लाइट' (१९७६) मध्ये स्वरांचे लोटच्या लोट येतात. परंतु गजाला श्वासाची अडचण नसते, त्यामुळे कोल्ट्रेनच्या स्वरात भिनलेला छातीचा ताण येथे उणावतो. नुसत्या द्रुत लयीने तो भरून निघत नाही. कर्करोगाने बत्तिसाव्या वर्षीच त्याला नेले, म्हणून टीका मवाळ करण्याचे कारण नाही. एकल वादनाच्या ध्वनिमुद्रिकेत मात्र, साथीला कोणी नसता, त्याचा गज दोन तारांवर एकदम फिरतो. मूळ भाषेजवळ नसलेली ही सोय आहे, आणि तेथे सायफर्ट कोणाचाही अनुवादक उरत नाही.