बूटचा वेग आणि मापनाचे प्रामाण्य

संगणकरचनेच्या अभ्यासात पूर्ण-प्रणाली सिम्युलेटरला महत्त्व आले, ते त्यावर खरी ऑपरेटिंग सिस्टिम चालते म्हणून. परंतु या गुणाचे मोल आरंभीच चुकवावे लागते. प्रत्यक्ष यंत्रावर काही सेकंदांत संपणारा लिनक्सचा बूट सूक्ष्म कालगणना करणाऱ्या नमुन्यावर कित्येक तास रेंगाळतो. आणि अभीष्ट प्रयोग त्यानंतरच सुरू होतो.

ही अडचण नवी नव्हे. स्टॅनफर्ड येथील ‘सिमओएस’ने १९९५ सालीच बूट वेगवान नमुन्यावर व मापन सूक्ष्म नमुन्यावर, अशी विभागणी मांडली होती. ‘एम-५’ आणि ‘जेम्स’ यांच्या संयोगातून सिद्ध होऊन २०११ मध्ये निबंधरूपाने मांडल्या गेलेल्या ‘जेम-५’ मध्ये याचे दोन मार्ग आहेत. ‘केव्हीएम’ नमुन्यात आज्ञा यजमान प्रोसेसरच थेट चालवतो. मात्र उभयतांचा आज्ञासंच एकच असावा लागतो. दुसरा मार्ग चेकपॉइंटचा : बूट एकदाच करावा, अवस्था जतन करावी आणि प्रत्येक प्रयोग तेथून आरंभावा.

वेळ वाचतो, हे निर्विवाद. तथापि काय जतन झाले, हा प्रश्न उरतोच. ‘क्लासिक’ स्मृतिव्यवस्थेच्या चेकपॉइंटमध्ये रजिस्टरे व मुख्य स्मृती येतात. कॅशमधील मजकूर येत नाही. म्हणूनच एकाच चेकपॉइंटवरून निरनिराळ्या आकारांच्या कॅश तपासता येतात. आणि म्हणूनच प्रत्येक कॅश रिकाम्या अवस्थेत आरंभ करते. येथे गुण व दोष यांचे मूळ एकच आहे. केव्हीएमही कॅशला वळसा घालूनच धावतो. मोठी कॅश भरण्यास अधिक अवधी लागतो. सबब पूर्वतापनाविना केलेली तुलना तिच्यावर अन्याय करते.

यावर उपायही झाले आहेत. २००३ च्या ‘स्मार्ट्स’ पद्धतीने मापनांच्या मधल्या काळातही कॅश व शाखा-भाकितक यांची अवस्था अद्ययावत ठेवली. २०१५ मध्ये सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी केव्हीएमचा वेग स्वीकारून, अनिश्चित कॅश-चुका एकदा ‘चूक’ व एकदा ‘प्राप्ती’ मानल्या आणि त्रुटीच्या दोन सीमा काढल्या. ही दुसरी भूमिका अधिक प्रामाणिक वाटते. ती अज्ञान झाकत नाही, मोजते.

तात्पर्य, बूट टाळणे हा दोष नव्हे. परंतु बूट कसा टाळला, पूर्वतापन किती आज्ञांचे केले आणि त्रुटीची मर्यादा कोणती, हे न सांगणाऱ्या निबंधातील आकडे कितीही रेखीव असले, तरी ते निष्कर्षाचा भार पेलू शकत नाहीत.