‘अलाउ’ की ‘ब्लॉक’? एका प्रश्नाची चिकित्सा

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीस एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेतून आम्हाला फोन आला. तेथील विज्ञानाचे शिक्षक आमच्या जुन्या परिचयाचे. “सर, शाळेच्या संगणकाला व्हायरस लागलाय. दर दोन मिनिटांनी कोपऱ्यात काहीतरी उगवतं. एकदा म्हणतं पाच व्हायरस सापडले, एकदा म्हणतं बक्षीस लागलं, आणि मधूनच अशी चित्रं येतात की मुलांसमोर संगणक लावायची सोय राहिली नाही.” आम्ही काही सांगण्यापूर्वीच दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. गावातील दुरुस्तीवाल्याने संगणक ‘फॉरमॅट’ करून दिला होता, आणि त्यात विज्ञान प्रदर्शनाची तीन वर्षांची छायाचित्रे व नववीच्या प्रात्यक्षिकांच्या गुणांची फाइल पुसली गेली होती. दुसरे म्हणजे, नववीतल्या एका मुलाला संगणक कक्षात येण्यास बंदी झाली होती. जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना त्याने कुठल्याशा वेबसाइटवर ‘अलाउ’चे बटण दाबले होते आणि विचारल्यावर तसे कबूलही केले होते. मग आता फोन कशासाठी? तर फॉरमॅटनंतर चारच दिवसांनी कोपऱ्यातील चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि या वेळी त्या मुलाने संगणकाला हातही लावलेला नव्हता.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हा व्हायरस नव्हता. संगणकात बाहेरून कोणतीही आज्ञावली घुसलेली नव्हती. जे घडत होते ते ब्राउझरच्या नियमाप्रमाणेच घडत होते. वेबसाइटने वाचकाला, ती उघडी नसतानाही, निरोप पाठवावा अशी सोय क्रोम या ब्राउझरमध्ये एप्रिल २०१५ पासून आली. फायरफॉक्सने ती पुढच्या वर्षी दिली. तिची रचना टपालासारखी आहे. आपण ‘अलाउ’ म्हटले की ब्राउझर आपल्या निर्मात्याच्या सर्व्हरकडून आपल्यापुरता एक पत्ता मिळवतो आणि तो त्या वेबसाइटच्या हवाली करतो. वेबसाइट तो जपून ठेवते. पुढे तिच्या मनात येईल तेव्हा ती त्या पत्त्यावर मजकूर धाडते. ब्राउझर कंपनीचा सर्व्हर तो आपल्या संगणकापर्यंत आणतो, आणि ब्राउझरच्या पोटात त्या वेबसाइटने आधीच ठेवून दिलेली एक छोटी आज्ञावली जागी होऊन तो मजकूर कोपऱ्यात दाखवते. ई-मेल आला, सभेची वेळ झाली, अशा निरोपांसाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. आम्ही स्वतः ती वापरतो.

आमचा आक्षेप सोयीवर नाही; ती मिळण्यापूर्वी जो प्रश्न विचारला जातो त्यावर आहे. पडद्याच्या वरच्या डाव्या बाजूला एक चौकट येते: अमुक वेबसाइटला नोटिफिकेशन दाखवायची आहेत. खाली दोन बटणे, ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’. एवढाच प्रश्न. प्रश्नपत्रिका काढण्यात ज्यांची हयात गेली, त्या आपल्या वाचकांनी हा प्रश्न परीक्षकाच्या नजरेने तपासून पाहावा अशी आमची विनंती आहे.

पहिला दोष वेळेचा. ही चौकट बहुधा पान उघडता उघडताच येते. वेबसाइट कसली, कोणाची, तिच्या निरोपांचा आपल्याला काय उपयोग, हे कळायच्या आत उत्तर मागितले जाते. धडा शिकवण्यापूर्वी परीक्षा घ्यावी तसे हे झाले. याचा परिणाम काय होतो हे मोजलेही गेले आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, या चौकटी १०० वेळा दाखवल्या तर सुमारे ९९ वेळा होकार मिळत नव्हता, आणि त्यांतील ४८ वेळा वापरणाऱ्याने स्पष्ट नकार दिला होता. एखाद्या प्रश्नाला वर्गातील जवळजवळ कोणीच हात घातला नाही, तर आपण मुलांना दोष देण्यापूर्वी प्रश्न पुन्हा वाचून पाहतो. आणि गंमत अशी की लबाड वेबसाइटला उरलेला एक पुरतो. लाखो लोक येत असतील तर शेकड्याला एक म्हणजे हजारो पत्ते झाले, आणि पत्ता एकदा मिळाला की प्रत्येक चिठ्ठी हे जाहिरातीचे उत्पन्न आहे.

तो एक मिळवण्याच्या युक्त्याही पाहण्यासारख्या आहेत. पानावर लिहिलेले असते, “तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा”, आणि चौकट जेथे येणार त्या दिशेने एक ठळक बाण काढलेला असतो. आमच्या नववीच्या विद्यार्थ्याला “प्रश्नपत्रिका उतरवून घेण्यासाठी अलाउ दाबा” असे सांगण्यात आले होते. त्याने सूचना नीट वाचली आणि तंतोतंत पाळली! चौकटीतला प्रश्न ब्राउझरचा आणि त्या प्रश्नाचा अर्थ सांगणारा मजकूर वेबसाइटचा, ही फारकत त्याला कोणी शिकवली होती? नकार दिला असता तरी सुटका नव्हती. परवानगी त्या त्या पत्त्यापुरती असते, म्हणून अशी वेबसाइट नावाच्या आधी एखादे अक्षर बदलून दुसऱ्या पत्त्यावर नेते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते.

दुसरा दोष भाषेचा. नोटिफिकेशन या शब्दाला मराठी पडद्यांवर कधी तोच शब्द, तर कधी ‘सूचना’ असा शब्द दिलेला आढळतो. शाळेत सूचना म्हणजे काय ते आपण जाणतो. शिपाई सूचनावही घेऊन वर्गात येतो, मुख्याध्यापकांची सही असते, आपण वाचून खाली सही करतो. सूचना वरून येते आणि ती पाळायची असते. कुठल्या तरी परक्या जाहिरातदाराच्या चिठ्ठीला हा शब्द लावणे म्हणजे तिला न मिळवलेला अधिकार देणे होय. चिठ्ठीचे रूपही तसेच आहे. विंडोजचे स्वतःचे इशारे ज्या कोपऱ्यात येतात तेथेच ती येते. तिचा मथळा, मजकूर आणि चित्र, तिन्ही वेबसाइट ठरवते. ढालीचे चित्र लावून “५ व्हायरस सापडले” असे लिहिता येते. ती कोणी पाठवली हे सांगणारी, ब्राउझरने घातलेली एकच बारीक ओळ तेवढी खरी, आणि ती कोणी वाचत नाही. आमच्या शिक्षकमित्रांनीही वाचली नव्हती. वाचली असती तर गुणांची फाइल वाचली असती.

तिसरा दोष आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. होकार द्यायला एक टिचकी लागते. तो परत घ्यायला किती लागतात हे आम्ही क्रोमवर मोजले: कोपऱ्यातील तीन टिंबे, ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’, मग यादीतील त्या वेबसाइटपुढची तीन टिंबे आणि शेवटी ‘रिमूव्ह’. सात झाल्या, आणि त्याही रस्ता ठाऊक असेल तर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो केंद्रीय कायदा २०२३ साली झाला, त्यात असे म्हटले आहे की संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. तो कायदा माहितीविषयी आहे, चिठ्ठ्यांविषयी नाही, हे आम्ही जाणतो. पण माप तेच लावले तर एकास सात हे प्रमाण कसे काय बसते?

ब्राउझर बनवणाऱ्यांना हे कळले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्समध्ये, वाचकाने पानावर काही दाबल्याशिवाय ही चौकट येत नाही. त्याच वर्षी क्रोमनेही प्रश्न अधिक हळू आवाजात विचारण्याची सोय केली आणि फसव्या वेबसाइटांच्या चौकटी अडवायला सुरुवात केली. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये २०२४ साली चिठ्ठीवरच ‘अनसबस्क्राइब’चे बटण देण्यास आरंभ झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर क्रोमने जाहीर केले की ज्या वेबसाइटकडे आपण फिरकत नाही पण जी चिठ्ठ्यांचा मारा करते, तिची परवानगी आपोआप काढून घेतली जाईल. त्याच वेळी हेही सांगितले गेले की सर्व चिठ्ठ्यांपैकी एक टक्क्याहून कमी चिठ्ठ्यांना लोक काही प्रतिसाद देतात. या सुधारणा चांगल्या आहेत. पण पहिली सुधारणा व्हायला जवळजवळ पाच वर्षे लागली, आणि त्या काळात सगळा उपदेश वापरणाऱ्याला केला गेला.

हा उपदेश आपल्या शाळांच्या भिंतींवरही आहे. “अनोळखी लिंकवर क्लिक करू नका.” येथे लिंक नव्हतीच; चौकट ब्राउझरची होती. “पत्त्याशेजारी कुलूप पाहा.” ही चिठ्ठ्यांची सोय फक्त कुलूपवाल्या, म्हणजे सांकेतिक रूपात माहिती पाठवणाऱ्या वेबसाइटांनाच मिळते, तेव्हा लबाड वेबसाइटलाही कुलूप असतेच. कुलूप म्हणजे वाटेत कोणी पत्र फोडणार नाही एवढीच हमी. पत्र लिहिणारा सज्जन आहे अशी नव्हे. लोक या चिन्हाचा चुकीचा अर्थ घेतात म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते पत्त्याच्या पट्टीतून काढूनही टाकले. भिंतीवरचे तक्ते तसेच आहेत.

बरे, दर वेळी वापरणाऱ्याला विचारले तरी जाते काय? लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांमध्ये २०१४ साली ‘सुपरफिश’ची आज्ञावली कारखान्यातूनच भरून येत होती. ती इतर वेबसाइटांच्या पानांत स्वतःच्या जाहिराती घुसवी, आणि कुलूपवाल्या पानांतही घुसता यावे म्हणून सर्व यंत्रांवर एकच गुप्त किल्ली ठेवी. एका यंत्रावरून ती हाती लागली की बाकीच्यांचे कुलूप नावालाच उरले. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले आणि २०१७ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर कंपनीने तडजोड केली. तेथे कोणत्या विद्यार्थ्याने कोणते बटण दाबले होते?

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार नोंदवले आहेत. सतत पिच्छा पुरवणे, फसवा प्रश्न विचारणे, आणि व्हायरसची खोटी भीती घालून बनावट उपाय गळ्यात मारणे हे त्यांपैकी तीन. शेवटच्याला तेथे ‘रोग मालवेअर’ म्हटले आहे. हा रोग इंग्रजी आहे, मराठी नाही, पण चुकून नेमका बसला आहे. ही तत्त्वे भारतात वस्तू व सेवा विकणाऱ्यांना लागू होतात. समुद्रापलीकडच्या निनावी वेबसाइटला ती कितपत बांधतील याची आम्हाला शंका आहे. परंतु फसवा प्रश्न हा प्रश्न विचारणाऱ्याचा दोष आहे, हे तरी त्यामुळे सरकारी कागदावर आले.

शाळेपुरते सांगायचे तर काम थोडे आहे. वर सांगितलेल्या नोटिफिकेशन्सच्या पानावरच, कोणत्याही वेबसाइटला हा प्रश्न विचारू न देण्याचा पर्याय आहे. शाळेच्या प्रत्येक संगणकावर तो निवडावा आणि यादीतील परवानग्या काढाव्यात. तरीही चिठ्ठ्या येत राहिल्या तर ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन आणि अलीकडे भरलेल्या आज्ञावल्या तपासाव्यात. चिठ्ठीतच सुचवलेले सफाईचे साधन मात्र कधीही घेऊ नये. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रातून २०१७ पासून मोफत साधने मिळतात. फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय आहे, तोही फाइलींची प्रत काढल्यानंतर.

त्या शाळेत आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. यादीत अकरा वेबसाइट निघाल्या. त्यांतील दोन परवानग्या शिक्षकांच्या खोलीतून संगणक वापरला गेला त्या दिवसांच्या होत्या, हे ब्राउझरच्या इतिहासावरून दिसले, आणि मुख्याध्यापकांनी त्याच दुपारी मुलावरील बंदी उठवली. नंतर नववीच्या वर्गाला आम्ही एक काम दिले: ही चौकट तुम्हाला लिहायची असती तर कशी लिहिली असती? पुष्कळांनी भले मोठे इशारे लिहिले. त्या मुलाने लिहिले, “ही वेबसाइट बंद केल्यावरही तुम्हाला दिवसभर चिठ्ठ्या पाठवील. चालेल का?” त्याखाली त्याने ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे काढली होती, आणि शेजारी तिसरे: ‘आधी वेबसाइट बघू द्या’.