शासकीय निवास भत्ता आणि पात्रतेच्या अटी : आसगाव परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अल्प उत्पन्न असलेल्या भाडेकरूला घरभाड्यासाठी थेट रोख साहाय्य देण्याची सर्वसाधारण पद्धत महाराष्ट्रात रूढ झालेली नाही. गृहनिर्माणविषयक शासकीय धोरणाचा मुख्य प्रवाह मालकीच्या घराचा आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थी कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, ही मूलभूत अट होती. २०२० साली टाळेबंदीनंतर भाडेतत्त्वावरील परवडणाऱ्या गृहसंकुलांची योजना आली. परंतु ती घरे उपलब्ध करून देण्यासंबंधी होती, भाडेकरूच्या हाती पैसा देण्यासंबंधी नव्हती. याला एक अपवाद आहे आणि तो गृहनिर्माण विभागात सापडत नाही. तो समाजकल्याणाच्या कक्षेत आहे. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना (शासन निर्णय, जानेवारी २०१७), आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि डिसेंबर २०२३ मधील इतर मागास प्रवर्गांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, या तिन्हींत भोजन, निवास व निर्वाह असे तीन भत्ते रोख मिळतात. त्यांतील निवास भत्ता हे महाराष्ट्रातील गरीब भाडेकरूला मिळणारे खरेखुरे भाडेसाहाय्य होय.

प्रस्तुत लेखात या योजनांच्या पात्रता-अटींचे वाचन एखाद्या साहित्यकृतीच्या संहितेचे करावे तसे केले आहे. अट काय विचारते, हे पाहणे जितके आवश्यक तितकेच ती काय विचारायचे टाळते, हेही पाहणे आवश्यक असते. पवनी तालुक्यातील आसगाव व भोवतालचा चौरास पट्टा हा या वाचनाचा संदर्भ आहे. या भागातील धानउत्पादक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले दहावी-बारावीनंतर पवनी, भंडारा किंवा नागपूर येथे ‘खोली करून’ राहतात. या मुलांना कोणी भाडेकरू म्हणत नाही. ती स्वतःही म्हणत नाहीत.

अटींची संहिता

स्वाधार योजनेचा अर्जदार अनुसूचित जाती अथवा नवबौद्ध प्रवर्गातील असावा, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे, शासकीय वसतिगृहात त्याला प्रवेश मिळालेला नसावा, महाविद्यालय ज्या शहरात आहे त्या शहराचा तो रहिवासी नसावा, त्याचे बँक खाते आधारक्रमांकाशी जोडलेले असावे आणि त्याची उपस्थिती ७५ टक्के असावी, अशा या अटी आहेत. आरंभी किमान ६० टक्के गुणांची अट होती. ती पुढे शिथिल झाली, तथापि गुणांशी निवाऱ्याची सांगड घालण्याचे तत्त्व कायम राहिले. वसतिगृहात जागा मोजक्या असतात, तेथे गुणानुक्रम लावणे समजू शकते. परंतु घरमालक गुणपत्रिका पाहून भाडे ठरवीत नाही. ४८ टक्के मिळविणाऱ्या मुलीला खोलीचे भाडे ७८ टक्के मिळविणाऱ्या मुलीइतकेच द्यावे लागते. निवारा ही गरज मानली आहे की पारितोषिक, हा प्रश्न संहिता अनिर्णित ठेवते.

या सर्व अटींत एक प्रश्न कोठेच विचारलेला नाही : तू भाडे किती देतोस? अर्जासोबत भाड्याचा पुरावा मागितला जातो. परंतु त्यातील आकड्याचा भत्त्याच्या रकमेशी संबंध नाही. भत्ता ठरतो तो गावाच्या दर्जावरून. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर आदी शहरांत निवासासाठी वर्षाला २०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या क्षेत्रात १५,००० रुपये आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी १२,००० रुपये. २०२३ च्या आधार योजनेत तालुक्याच्या ठिकाणासाठी १०,००० रुपयांची चौथी पायरी आली. बारा महिन्यांवर विभागल्यास नागपूरला सुमारे १,६६७, भंडाऱ्याला १,००० आणि पवनीला ८३३ रुपये होतात. पवनीच्या खाली पायरी नाही. आसगाव तालुक्याचे ठिकाण नसल्यामुळे या दरपत्रकात त्याच्यासाठी रकानाच नाही. आतल्या खेड्यातून येऊन आसगावसारख्या गावात शिकणारी आणि तेथेच खोली घेऊन राहणारी मुलगी भाडे देते. परंतु संहितेच्या दृष्टीने ती ज्या ठिकाणी राहते तेथे भाडे अस्तित्वातच नाही. ग्रामीण महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्यांना या रिकाम्या रकान्याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. दूर जाईल त्याला अधिक, जवळ राहील त्याला काहीच नाही, अशी ही रचना असल्यामुळे तिचा परिणाम प्रवेशाच्या निर्णयावरही होतो.

आणखी एक गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. स्वाधार योजनेचे २०१७ मधील ६०,०००, ५१,००० आणि ४३,००० रुपयांचे एकूण दर २०२३ च्या आधार योजनेत तसेच्या तसे उतरले. सात वर्षांत भाडे वाढले नाही असे कोणी म्हणणार नाही. नवी योजना जुन्या योजनेशी समान असावी, या न्याय्य आग्रहातून हे झाले असणे शक्य आहे. पण समानता जुन्या आकड्याशी साधली गेली, भाड्याशी नव्हे. शिवाय आधार योजनेत प्रत्येक जिल्ह्यासाठी ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. भंडाऱ्यालाही ६०० आणि पुण्यालाही ६००. पात्र असणे आणि लाभ मिळणे यांत अंतर पडते ते येथे.

अडीच लाखांची मर्यादा हीदेखील एक धारदार कड आहे. महिना २०,८३३ रुपये मिळविणारा पालक आत, २१,००० मिळविणारा पूर्ण बाहेर. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यातील ‘सेक्शन ८’ पद्धतीत भाडेकरूने आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के हिस्सा भरावा आणि मान्य मर्यादेपर्यंतचे उर्वरित भाडे शासनाने द्यावे, असे सूत्र आहे. उत्पन्न वाढेल तशी मदत घटते. एका रुपयाने ती तुटत नाही. उत्पन्नाची मर्यादाही त्या त्या परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते. अर्थात त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथेही पात्र कुटुंबांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यालाच मदत पोहोचते आणि प्रतीक्षायाद्या वर्षानुवर्षे चालतात. शिवाय तेथे पैसा घरमालकाकडे जातो. आपल्या योजनांत तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू मानली पाहिजे. अठरा वर्षांच्या मुलीच्या नावावर आलेला पैसा तिच्या निर्णयशक्तीला आधार देतो. उणीव एवढीच की, अमेरिकेत खोली राहण्यायोग्य आहे की नाही याची तपासणी होते आणि आपल्याकडे खोलीकडे कोणी पाहतही नाही.

करारनामा आणि घरमालक

सर्वांत कठीण अट अर्जाच्या शेवटी, कागदपत्रांच्या यादीत आहे. सध्याच्या निवासाचा पुरावा म्हणून भाडे करारनामा वा भाडेपावती जोडावी लागते. विदर्भात दीर्घकाळ १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्या आदेशानुसार रिकाम्या घराची सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे घरमालकावर बंधनकारक होते आणि घरे सरकारी नोकरांना तसेच विस्थापितांना नेमून देता येत असत. म्हणजे घर कोणाला मिळावे, यात शासनाचा हात होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो आदेश मोडीत काढला. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. आणि वाद झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मात्र हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच लागू आहे.

कायद्याने जी जबाबदारी घरमालकावर टाकली, ती योजनेने विद्यार्थ्यावर टाकली. कागद न मिळाल्यास शिक्षा होते ती विद्यार्थ्याला. घराच्या मागच्या अंगणात एक खोली काढून ती भाड्याने देणारा माणूस स्वतःही बहुधा बेताच्याच परिस्थितीतला असतो. करार नोंदवायचा म्हणजे खर्च, कर आणि खोली अडकण्याचे भय. तो वहीच्या कागदावर चिठ्ठी देतो, तीही मिनतवारीने. तिघेजण मिळून खोली घेतात तेव्हा चिठ्ठीवर एकाचेच नाव असते; उरलेले दोघे भाडे देतात, पण कागदोपत्री कोठेच राहत नाहीत.

येथे योजनेच्या नावाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन ते अकरा दिवस राहिले आणि ओळख पटताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. जागेसाठी ज्यांच्याकडे गेले त्या मित्रांनीही टाळले. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात स्वतः सांगितला आहे. (पुढे १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत ते उमेदवार होते आणि पराभूत झाले, हे या जिल्ह्यातील वाचकांस ठाऊक आहेच.) बडोद्यात त्यांच्याजवळ भाडे देण्याची ऐपत होती, नव्हती ती घरमालकाची संमती. त्यांच्याच नावाने चालणारी योजना भाड्याचे पैसे देते, परंतु ते पैसे मिळण्यासाठी पुन्हा घरमालकाची सही मागते. आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्याविषयी संहितेत एक शब्दही नाही आणि खोली दिली तरी कागद न देणाऱ्याविषयीही नाही. जातीच्या आधारे निवारा नाकारला जाणे हा या योजनेचा मूळ विषय असावयास हवा होता. अटींच्या भाषेत तो केवळ एका कागदपत्राच्या अनुपस्थितीत उरतो.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. या परंपरेत विद्यार्थ्याला घरमालकासमोर उभे राहावे लागत नव्हते. रोख भत्त्याने वसतिगृहाची उणीव भरून काढताना हा मधला माणूस परत आला आहे.

यावर उपाय फार दूरचा नाही. करारनाम्याऐवजी प्राचार्यांचे किंवा ग्रामपंचायतीचे निवास-प्रमाणपत्र ग्राह्य धरता येईल. एका खोलीतील सर्व विद्यार्थ्यांचा एकत्रित अर्ज स्वीकारता येईल. महाविद्यालय तालुक्याच्या ठिकाणी आहे की खेड्यात, याऐवजी विद्यार्थी घरापासून दूर राहतो की नाही एवढेच विचारता येईल. भत्त्याचा पहिला हप्ता सत्राच्या आरंभी देता आला तर खोलीची अनामत रक्कम भरण्यासाठी धानाचे पोते विकावे लागणार नाही. जून-जुलैमध्ये चौरासात धान रोवणीला असतो, विकायला नसतो.