‘लिनक्सवर गेम चालतात’ हे वाक्य नेमकं कोणत्या मशीनबद्दल आहे?

पेट निघाली, कोर्सवर्क संपत आलं, की विषयाची शोधाशोध सुरू होते. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांकडून हल्ली एक विषय वरचेवर ऐकू येतो: ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमची गेमिंग प्लॅटफॉर्म म्हणून क्षमता. विषय वाईट नाही. पण त्यावर इंटरनेटवर जे लेखन सापडतं ते तसंच उचलून सिनॉप्सिसमध्ये टाकलंत, तर समितीच्या पहिल्याच प्रश्नाला तोंड कोरडं पडेल. त्या लेखनात दोन वेगळे दावे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि सांधा कुणी तपासत नाही.

पहिला दावा असा की लिनक्स जुन्या कॉम्प्युटरला जीवदान देतं. दुसरा असा की विंडोजचे बहुतेक गेम आता लिनक्सवर चालतात. दोन्ही खरे आहेत. पण बऱ्याचदा एकाच मशीनवर नाहीत.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यापुरतं बोलू. खामगाव, चिखली, मेहकरकडे घरात किंवा क्लासमध्ये असलेला डेस्कटॉप हा पुष्कळदा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला सेकंड हँड असतो. चौथ्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून ‘यावर लिनक्स टाका, गेमही खेळा’ हा सल्ला ऐकायला फार गोड वाटतो.

आता आतलं यंत्र बघा. वाईन हा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा प्रयत्न करतोय. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर बेतलेलं प्रोटॉन आणलं, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे डीएक्सव्हीके. गेम डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत आज्ञा देतो, डीएक्सव्हीके त्या व्हल्कनमध्ये बदलतं. चित्र पडद्यावर येतं ते या दुभाष्यामुळे. पण नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० पासून या दुभाष्याला व्हल्कन १.३ लागतं, आणि चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सकडे ते नाही. उलट, त्या मशीनवर व्हल्कन वापरायला गेलात की मेसाचा ड्रायव्हर स्वतःच इशारा छापतो की हॅसवेलसाठीचा सपोर्ट अपुरा आहे.

परिणाम विचित्र आहे. त्याच डब्यात विंडोज १० असताना डायरेक्टएक्स ११ चा एखादा हलका गेम रडतखडत का होईना चालत होता. लिनक्स टाकल्यावर मशीन एरवी चपळ झालं, ब्राउझर पटकन उघडायला लागला, आणि तो गेम मात्र गेला. डीएक्सव्हीकेची जुनी १.१० मालिका किंवा वाईनचा ओपनजीएलचा रस्ता वापरून पाहता येतो. डायरेक्टएक्स ९ च्या काळातले गेम त्या रस्त्याने बरेचदा निभावतात. पण ‘स्टीम उघडा, बटण दाबा, खेळा’ असं जे लिहिलेलं असतं, ते या मशीनबद्दल नसतं. ते लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या मशीनबद्दल असतं.

आकडेवारीचंही असंच. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीम सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला, आणि मग ‘लिनक्सचं युग आलं’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. हे सर्वेक्षण ऐच्छिक आहे आणि फक्त स्टीम वापरणाऱ्यांचं आहे. त्यात चिनी भाषेतल्या वापरकर्त्यांचं प्रमाण एखाद्या महिन्यात वरखाली झालं की लिनक्सचा टक्काही हलतो. शिवाय त्या ३ टक्क्यांत स्टीम डेक हा हातातला कॉन्सोल मोठ्या संख्येने आहे. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, त्याचं हार्डवेअर एकसारखं, ड्रायव्हर त्याच्यासाठीच घासूनपुसून तयार केलेले. डेकवर जे जमलं ते चिखलीतल्या डेस्कटॉपवर जमेल, असं म्हणायला त्या आकड्यात काहीच आधार नाही. प्रोटॉनडीबीवरची ‘प्लॅटिनम’, ‘गोल्ड’ ही मानांकनं खेळाडूंनीच दिलेली असतात. ज्याचा गेम उघडलाच नाही, तो नोंद करायला थांबतो की विंडोजकडे परत जातो? तुम्हीच सांगा. उपयोगी माहिती आहे ती, पण नमुना म्हणून वापरायची असेल तर नमुन्याची मर्यादा लिहायलाच हवी.

‘प्लॅटफॉर्म’ या शब्दाचीही व्याख्या करून घ्या, नाहीतर कुणीतरी सहज विचारेल: बीजीएमआय खेळणारी पोरं अँड्रॉइडवर खेळतात, अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नलच आहे, मग सिद्ध काय करताय? प्रश्न खोडसाळ वाटतो, पण रास्त आहे.

ऑनलाइन गेमबद्दल थोडक्यात. जीटीए ५ च्या ऑनलाइन भागाला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय जोडलं गेलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले, कथेचा भाग तेवढा उरला. पुढच्याच महिन्यात एपेक्स लेजंड्सनेही दार लावलं. बॅटलआय प्रोटॉनवर चालू शकतं, म्हणजे अडचण निव्वळ तांत्रिक नाही. कर्नल वापरणाऱ्याला बदलता येतो हे आपण ओपन सोर्सचं भूषण मानतो, आणि चीटिंग रोखणाऱ्या कंपनीला नेमकी त्याचीच भीती वाटते. यावर वेगळा प्रबंध होईल.

मग विषय सोडायचा का? माझ्या मते अजिबात नाही, फक्त अरुंद करायचा. इंटेलची सहावी आणि सातवी पिढी बघा. विंडोज ११ सातवीतले मोजके अपवाद सोडून त्यांना घेत नाही, पण लिनक्सवर त्यांना व्हल्कन १.३ मिळतं. म्हणजे वर म्हटलेले दोन्ही दावे एकाच वेळी खरे ठरण्याची शक्यता असलेला पट्टा हाच. अशी मशीनं आता सेकंड हँड बाजारात उतरतायत. पाच-सहा गोळा करा, त्याच डिस्कवर आधी विंडोज १०, मग लिनक्स. कर्नल, मेसा आणि प्रोटॉनची आवृत्ती प्रत्येक नोंदीत लिहा, कारण तीन महिन्यांनी उत्तर बदलू शकतं. मँगोहडने मोजताना सरासरी एफपीएसवर थांबू नका. पहिल्यांदा खेळताना शेडर तयार होत असतात तेव्हा बसणारे झटके सरासरीत बुडून जातात, आणि खेळणाऱ्याला तेच खुपतात. सोबत सुपरटक्सकार्ट, लुआंटी, झिरो एडी असे मुळातच लिनक्सवर चालणारे खुले गेमही घ्या. त्यांना दुभाष्या लागत नाही, म्हणून दुभाष्यामुळे किती वेग गेला आणि ड्रायव्हरमुळे किती, याचा थोडाफार अंदाज येतो.

नोंदवहीत ‘चालला’ आणि ‘नाही चालला’ असे दोनच रकाने आखू नका. गेम उघडतो, मेन्यू दिसतो, संगीत वाजतं, आणि पहिल्या वळणावर पडदा काळा होतो, हे कुठे लिहिणार ते मोजणीला बसण्याआधीच ठरवा.