आश्रयाचे वाङ्मय आणि शहापूर-मुरबाडचे पोरवय

गेल्या दीडशे वर्षांत मराठी गद्याने ज्या विषयांवर मनापासून लिहिले, त्यांत निराश्रितांस आश्रय देणे हा एक विषय आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरास बालकाश्रम काढला. १८८९ साली पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईत निघाले. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. या संस्थांभोवती अहवाल, चरित्रे व आठवणी यांचे एक स्वतंत्र वाङ्मयच उभे राहिले. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) हा त्यातील आदर्श ग्रंथ होय. आत्मप्रौढीचा वासही नसलेले असे लेखन कोणत्याही भाषेस भूषणावह ठरावे.

तथापि आदर बाजूस ठेवून पाहिले तर या वाङ्मयात एक वैगुण्य दिसते. ते बहुतेक दार उघडणाऱ्यांनी लिहिलेले आहे. दार ठोठावणाऱ्यांनी लिहिलेले फारच थोडे. देणाऱ्याच्या लेखणीत वर्गणी येते, इमारत येते, लोकांचा विरोध येतो, शेवटी संस्थेचा उत्कर्ष येतो. मागणाऱ्याच्या लेखणीत जे आले असते ते निराळे: घरातून बाहेर पडण्याचा क्षण, अनोळखी रस्ता, आत घेतील की परत पाठवतील ही धाकधूक. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) या दृष्टीने अमोल आहे. बालपणीच वैधव्य आलेली व शारदासदनात राहिलेली ही बाई पुढे स्वतः आश्रमांसाठी झटली. तिने दाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. पण अशी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकीच.

दुसरे वैगुण्य वयाविषयी आहे. या वाङ्मयात अर्भक आहे, विधवा आहे, अनाथ आहे. तेरा ते अठरा वर्षांचे पोरवय मात्र स्वतःच्या नावाने कोठे येत नाही. चौदा वर्षांची मुलगी आश्रमात आली तर ती विधवा म्हणून आली. चौदा वर्षांची मुलगी म्हणून तिची नोंद झाली नाही. त्याच वयाचा मुलगा घर सोडून निघाला तर तो एकतर उनाड ठरला, नाही तर गुन्हेगार.

हा वाद ग्रंथालयापुरता असता तर तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नव्हते. पण देणाऱ्याच्या बाजूने विचार करण्याची ही सवय वाङ्मयातून समाजात व समाजातून कायद्यात उतरली आहे. तिची परीक्षा करावयाची तर ती ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत करावी. एकीकडे कसारा घाट, दुसरीकडे माळशेज. मधल्या डोंगरपट्टीत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वाड्या व पाडे. मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे याच शहापुरात आहेत. दसरा-दिवाळी उलटली की येथील कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने नाहीशी झाली खरी. पण उचल फिटेपर्यंत माणूस मोकळा नाही हा व्यवहार कायद्याने पुसला गेला नाही. कसारा घाटाच्या पलीकडे, इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्याशा पैशांच्या व एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबत असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, ते महाराष्ट्राने वाचले आहे.

आता असा प्रसंग कल्पावा. पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आहे व तिला ते नको आहे. अथवा तेवढ्याच वयाचा मुलगा मारहाणीस कंटाळून भट्टीवरून पळाला आहे. रात्र पडली आहे. त्याने वा तिने कोठे जावे?

कायदा या प्रश्नास उत्तर देतो, आणि ते उत्तर कागदावर चांगले आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो. संकटातील बालकास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे. इतकेच नव्हे तर बालकास स्वतः होऊन समितीपुढे जाता येते. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे आली आहे. एवढी तरतूद कर्व्यांच्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

पण हाच कायदा वाङ्मयाचा ग्रंथ वाचावा तसा वाचला तर त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे आहे ते कळते. अल्पकाळच्या निवाऱ्यासाठी त्याने ‘खुले आश्रयगृह’ कल्पिले. त्याचा एक हेतू मुलांस रस्त्यावरच्या जीवनापासून दूर ठेवणे असा सांगितला आहे. म्हणजे कर्त्याच्या मनात शहरातील फलाट व पदपथ होते. डोळखांबच्या रानातल्या पाड्यास पदपथ नाही. तेथील मूल रस्त्यावर दिसत नाही, म्हणून ते निराश्रित ठरत नाही. कसाऱ्याहून ठाणे रेल्वेने सुमारे ८७ किलोमीटर. मुरबाडच्या मुलास तर आधी एस. टी. ने कल्याण गाठले पाहिजे. ‘प्रवासाचा वेळ वगळून’ हे शब्द कायद्यास सोपे आहेत, पण त्या मुलीची सारी भीती त्या वगळलेल्या वेळातच साठलेली असते.

यावर कोणी म्हणेल, या तालुक्यांत आश्रमशाळा आहेतच. आहेत, आणि त्यांनी कित्येक मुलांस अक्षर व अन्न दिले आहे. त्यांची निंदा करणे आमच्या मनात नाही. पण आश्रमशाळा पटावरच्या विद्यार्थ्याची आहे, शाळा सुटलेल्याची नव्हे. शिवाय दिवाळीत व उन्हाळ्यात तिला सुटी असते. वैशाखात पाड्यावर लग्नाचे मांडव पडतात, त्याच वेळी वसतिगृहास कुलूप लागलेले असते. नाव ‘आश्रम’ असले तरी तिचे वेळापत्रक शाळेचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. गावोगाव निवारे उघडले तर त्यांवर देखरेख कोण ठेवणार? नोंदणीवाचून चाललेल्या आश्रमांत मुलांवर अत्याचार झाल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. तेव्हा हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण त्यावर उपायही त्याच कायद्यात आहे. योग्य संस्था व योग्य व्यक्ती यांस तपासून मान्यता देऊन बालकास काही काळ त्यांच्या हवाली करण्याची तरतूद त्यात आहे. शहापुरात व मुरबाडात मुलींसाठी एक व मुलांसाठी एक असे मान्यताप्राप्त घर बारा महिने उघडे राहावे. तेथे पाड्यावरची बोली समजणारी बाई असावी. समितीची तपासणी नियमाने व्हावी. याला मोठ्या इमारतीची गरज नाही.

लहान गावात गुप्तता राहणार नाही, असेही म्हटले जाते. फुल्यांचे गृह कोठे होते, हे येथे आठवावे. ते अरण्यात नव्हते. विरोधकांनी भरलेल्या पुण्यात होते, आणि त्याची जाहिरातही उघडपणे केलेली होती. गुप्तता अंतराने राखलेली नव्हती, घराच्या शिस्तीने राखलेली होती. आलेल्या स्त्रीची आधी अडचण निवारावयाची, हिशेब मागावयाचा नाही, हे त्या घराचे तत्त्व होते. एका निराधार विधवेच्या पोटी तेथे जन्मलेला यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला, यावरून त्या शिस्तीमागची वृत्ती दिसते. आज आपल्याजवळ कायदा आहे, पैसा आहे, दूरध्वनी आहे. उणीव आहे ती आश्रय मागणाऱ्याच्या पावलांनी मोजण्याच्या या वृत्तीची.

सुशिक्षित वाचकवर्गाने आश्रमांस वर्गणी देण्याची परंपरा राखली, ती चांगलीच गोष्ट आहे. तिच्या जोडीस त्याने आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. संस्थेचा अहवाल हाती आला की किती मुले आहेत, किती खोल्या बांधल्या, एवढे पाहून तो मिटू नये. गेल्या वर्षी रात्री किती मुले आपण होऊन आली, कोठून आली, किती परत पाठवली, हे विचारावे. ज्या अहवालात हे रकाने नाहीत तो देणाऱ्याचा अहवाल आहे. मागणाऱ्याचे आत्मवृत्त शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरून कधीतरी लिहिले जाईल, आणि त्यात आपल्याविषयी काय लिहिलेले असेल, हे त्या रकान्यांवरच ठरेल.