विफ्रेदो लाम यांचे ‘जंगल’ : वारसा आणि अमूर्तता

क्यूबन चित्रकार विफ्रेदो लाम (१९०२–१९८२) यांचे वडील चिनी होते, तर आईकडून त्यांना कांगोतून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांचा वारसा लाभला. युरोपातील १८ वर्षांच्या वास्तव्यानंतर १९४१ मध्ये मायदेशी परतून त्यांनी ‘ला हुंग्ला’ अर्थात ‘जंगल’ (१९४२–४३) हे चित्र साकारले. त्यातील मुखवट्यांसारखे चेहरे पाहून लाम यांना अनेकदा पिकासोचे अनुयायी ठरविले गेले. आफ्रिकी शिल्पांचा त्यांचा परिचय पॅरिसमध्ये दृढ झाला, हे खरे. तथापि हे मत एकांगी आहे.

चित्राचे शीर्षक अरण्य सुचविते. परंतु मानवाकृतींच्या लांब पायांत मिसळून गेलेली उभी कांडी उसाची आहेत. ऊस मळ्यात लावला जातो, आणि क्यूबातील उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. देह आणि कांडी यांमधील सीमारेषा पुसणारी येथील अमूर्तता हा केवळ शैलीचा प्रयोग नव्हे. राबणारा माणूस आणि पीक यांत भेद न करणाऱ्या व्यवस्थेचे ते दृश्यरूप आहे. म्हणूनच लाम यांचा आफ्रिकी वारसा आकारांच्या उसनवारीत न शोधता श्रमाच्या स्मृतीत शोधणे अधिक न्याय्य ठरते.